कार्गो विकतील म्हणतात, मग माझं काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकचे एक वाचक लिहितात. वय ४३, एका विमान कंपनीच्या कार्गो विभागात १६ वर्षं. सुरुवातीला मुंबईत सहारच्या एक्स्पोर्ट शेडमध्ये रात्रपाळ्या केल्या. आता असिस्टंट मॅनेजर म्हणून उत्तर महाराष्ट्राचा कार्गो सेल्स बघतात. घर पाथर्डी फाट्याजवळ, गृहकर्जाची अजून नऊ वर्षं बाकी. पत्नी दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी अकरावीत, आई सोबत. त्यांची कंपनी एका मोठ्या विमान कंपनीत विलीन होणार अशी चर्चा बरेच महिने चालू आहे. वरून मेल येते ती ‘रोजचं काम नेहमीप्रमाणे चालू ठेवा’ एवढीच. ऑफिसात मात्र बोललं जातं की कार्गो वेगळा काढून विकतील, नाहीतर बंदच करतील. मुंबईचे एक सीनियर म्हणतात, ‘आधी निघेल त्याला चांगली नोकरी मिळेल.’ दुसरा सहकारी म्हणतो, ‘थांब, व्हीआरएस येईल.’ साडूंची अंबडला फॉरवर्डिंगची, म्हणजे निर्यातदारांचा माल परदेशी पाठवून देण्याची, फर्म आहे; ते म्हणतात, ‘बारा लाख घाला, भागीदार व्हा.’ पैसे पीएफमधून काढायचा विचार आहे. राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी बुडेल का, ही धास्ती आहे. घरी यातलं काहीच सांगितलेलं नाही. ‘ताई, विलीनीकरणात कार्गो म्हणजे सावत्र पोर, पहिली कात्री त्यालाच. मग आत्ताच निघावं की वाट बघावी?’

नमस्कार,

उत्तर आधी सांगते, कारण अशा मनःस्थितीत लांबलचक पत्र कोणी धड वाचत नाही. सध्या राजीनामा देऊ नका. साडूंना पैसे देऊ नका. आणि बायकोला आज रात्रीच सगळं सांगा. आता का, ते सावकाश वाचा.

सावत्र पोराचं तुम्ही इतक्या खात्रीनं लिहिलंय की क्षणभर मलाही पटलं. पण अलीकडच्या सगळ्यात गाजलेल्या विलीनीकरणात नेमकं उलटं घडलं. कोरियन एअरनं एशियाना एअरलाइन्स घ्यायचं जाहीर केलं ते नोव्हेंबर २०२० मध्ये. कोविडचे दिवस होते, प्रवासी विमानं जमिनीवर उभी होती आणि दोन्ही कंपन्या तगल्या त्या मालवाहतुकीच्या जिवावर. फाइल युरोपियन कमिशनकडे गेली तेव्हा त्यांना तेच खुपलं. युरोप-कोरिया मार्गावर माल नेणारे दोन मोठे एक झाले तर गिऱ्हाइकानं जायचं कुठे? म्हणून अट घातली: एशियानाचा कार्गो विभाग तिसऱ्याला विका, मगच परवानगी. एशियानाच्या संचालक मंडळात यावरून इतकी ओढाताण झाली की ऑक्टोबर २०२३ च्या बैठकीत निर्णयच झाला नाही. तो दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या बैठकीत झाला. कामगार संघटनांचाही विरोध होता. शेवटी एअर इंचॉन या छोट्या मालवाहू कंपनीनं ४७० अब्ज वॉनला तो विभाग घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये एशियाना कोरियन एअरच्या ताब्यात आली आणि ऑगस्ट २०२५ पासून तिचा जुना कार्गो ‘एअरझेटा’ या नव्या नावानं उडू लागला.

तिथं कार्गो विकला गेला तो चांगला चालत होता म्हणून. शेताच्या वाटणीत विहिरीलगतच्या तुकड्यावरूनच भाऊ भांडतात, तसं. अर्थात एशियानात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला याचं समाधान काय? मोठ्या नावाच्या कंपनीतला माणूस एका सकाळी आपण कधी ऐकलंही नव्हतं अशा कंपनीचा झाला. कामगार संघटना भांडल्या त्या उगाच नाही. पण तुमच्या मनातली जी भीती आहे, विभागाला कुलूप आणि हातात पत्र, ती ही नव्हे.

कुलूप लागल्याचं उदाहरणही आहे, तेही सांगते. डेल्टा आणि नॉर्थवेस्ट या अमेरिकी कंपन्यांचं विलीनीकरण एप्रिल २००८ मध्ये जाहीर झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पूर्ण झालं. तिथल्या मोठ्या प्रवासी कंपन्यांमध्ये स्वतःची मालवाहू विमानं चालवणारी त्या वेळी नॉर्थवेस्ट एकटीच. तिच्याकडे जुनी बोइंग ७४७-२०० फ्रेटर होती, चार इंजिनांची, इंधन पिणारी. अलास्कातल्या अँकरेजला माल चढवण्या-उतरवण्याचा तळ होता. २००८ संपता संपता डीएचएलसारखं मोठं गिऱ्हाईक सुटलं, त्यात जगभर मंदी. डेल्टाला फ्रेटरच्या धंद्यात मुळातच रस नव्हता. २००९ च्या अखेरीला ती विमानं उभी केली, ती कायमची.

मात्र डेल्टाचा कार्गो त्यामुळे संपला नाही. प्रवासी विमानांच्या पोटातून तो आजही जातो. एअर वे बिलावरचे, म्हणजे विमानानं जाणाऱ्या मालाच्या पावतीवरचे, पहिले तीन आकडे बघायची तुम्हाला सवय असेल; त्यांवरून विमान कंपनी कळते. नॉर्थवेस्टचे होते ०१२, डेल्टाचे ००६. ०१२ गेले, ००६ राहिले. तुमच्या बिलावरचे तीन आकडेही बदलतील असं आत्ताच धरून चला. दिंडोरीहून निघालेल्या पेटीला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

म्हणून ‘कार्गोला भविष्य आहे का’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याचं उत्तर मिळालं तरी तुमच्या उपयोगाचं नाही. जगातला हवाई माल वजनानं एकूण व्यापाराच्या एक टक्काही भरत नाही, पण किमतीनं तिसरा हिस्सा त्यातूनच जातो. असा धंदा कुठे जात नाही. आणि धंदा राहिला म्हणून तुमची खुर्ची राहीलच, असंही नाही. बघायचं ते हे की तुम्ही विकता ती जागा बेलीतली, म्हणजे प्रवासी विमानाच्या पोटातली, आहे की फ्रेटरमधली, म्हणजे मालवाहू विमानातली. गेल्या दोन हंगामांचा टनेजचा हिशेब तुमच्याकडे असणारच. एका रविवारी बसून वेगळा करा. बहुतेक माल प्रवासी विमानांच्या पोटातून जात असेल तर जोवर प्रवासी विमानं उडतायत तोवर ती जागा कोणाला तरी विकावीच लागेल. निम्म्याहून जास्त भार फ्रेटरवर असेल तर पुढची चौकशी करा: ती विमानं कंपनीची की भाड्याची, किती जुनी, भाडेकरार कधी संपतो, आणि त्यांच्यावर एखाद-दुसऱ्याच बड्या गिऱ्हाइकाचा भार आहे का. नॉर्थवेस्टमध्ये याच गोष्टी एकाच वेळी अंगावर आल्या.

आता एक असं सांगते जे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं खरा धोका तिथे आहे. ज्या मोठ्या कंपनीत तुम्ही विलीन होणार, तिचा नाशिकचा कार्गो सेल्स आज कोण बघतं? तिचा स्वतःचा माणूस असेल तर विलीनीकरणानंतर एका गावात एका कामाला दोन माणसं होतील. कात्री लागते ती अशा ठिकाणी. शेडमधल्या माणसाला सहसा लगेच हलवत नाहीत, कारण पॅलेट कोणाला तरी बांधावीच लागते. दुहेरी होतात ती सेल्स, अकाउंट्स आणि मुख्यालयातली पदं. त्या मोठ्या कंपनीनं हा भाग जीएसएला, म्हणजे तिच्या वतीनं जागा विकणाऱ्या बाहेरच्या एजंटला, देऊन टाकला असेल तर तुमचा भागही जीएसएकडे जाण्याची शक्यता मोठी. पण मग त्या जीएसएला इथली पॅकहाउसं ओळखणारा माणूस लागेल, आणि तो तुमच्याशिवाय कोण? ही माहिती काढायला गुप्तहेर नको. सातपूर-अंबडच्या चार निर्यातदारांना चहा पाजलात की कळेल त्यांच्याकडे कोण कोण रेट घेऊन येतं.

इथं तुमच्या हातात काय आहे, तेही नीट मोजा. तुम्ही स्वतःला कंपनीचा माणूस समजता. निर्यातदार तुम्हाला काय समजतात? नाशिकच्या द्राक्षाचा मोठा माल रीफर कंटेनरमधून न्हावाशेव्याहून बोटीनंच जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. विमानानं जातो तो घाईचा: हंगामाच्या तोंडाचा चढ्या भावाचा माल, फुलं, ताजी भाजी, सॅम्पल, आणि परदेशातली एखादी लाइन बंद पडू नये म्हणून पळवलेले अंबडचे सुटे भाग. अशा मालात रात्री कसारा घाटात कोंडी झाली की कटऑफ, म्हणजे माल स्वीकारायची शेवटची वेळ, हुकतो. प्रीकूलिंगमधून पेट्या किती वाजता बाहेर काढायच्या, ट्रक कितीला सोडायचा, सहारला कोणाला फोन केला की स्कॅनिंगची रांग कळते, कोणाचं वजन स्वतःच्या काट्यावर एक आणि शेडच्या काट्यावर दुसरं भरतं, आकारमानावरून वजन धरताना, म्हणजे घन सेंटीमीटरला ६००० नं भागताना, कोणत्या पेटीला फटका बसतो, हे ज्ञान तुमच्या एम्प्लॉयी आयडीला चिकटलेलं नाही. ओझरला एचएएल आणि कॉन्कॉर ही सरकारी कंटेनर कंपनी यांचं हॅल्कॉन कार्गो संकुल आहे. तिथून मालवाहू विमानांत चक्क शेळ्या-मेंढ्या भरून शारजाला गेल्यात. विमान बाहेरचं आलं, माल इथला होता. आणि आता समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून इगतपुरीहून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पोचलाय, नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागलीयत. तिथल्या कार्गो टर्मिनलना माल पाठवणारी गावं ओळखणारी माणसं लागतील. नुसती नजर टाकून ठेवा, अर्ज लगेच करायला हवा असं नाही.

तुमच्या सीनियरचं ‘आधी निघेल त्याला चांगली नोकरी’ हे मला अर्धवट पटतं. चर्चा आणि प्रत्यक्ष विलीनीकरण यांत किती काळ जातो ते बघा. कोरियाच्या प्रकरणात चार वर्षं. आपल्याकडे विस्तारा एअर इंडियात विलीन होणार हे नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं, शेवटचं विस्ताराचं विमान उडालं नोव्हेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात स्पर्धा आयोग, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, परदेशी गुंतवणुकीची परवानगी, सिंगापूरच्या स्पर्धा आयोगाची परवानगी, अशा पायऱ्या झाल्या. तुमच्या कंपनीचं तर अजून अधिकृत जाहीरही झालेलं नाही. म्हणजे तुमच्याकडे बहुधा एखादं वर्ष तरी आहे. पळत सुटण्याइतकं थोडं नाही, हातावर हात ठेवून बसण्याइतकं भरपूरही नाही.

व्हीआरएसची वाट बघणाऱ्या सहकाऱ्याचंही मला पटत नाही. व्हीआरएस हा तुमचा हक्क नाही, कंपनीला वाटलं तर ती देते. टाटांनी जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया ताब्यात घेतली तेव्हा पहिलं वर्षभर कोणाला काढायचं नाही आणि त्यानंतर काढायचंच झालं तर व्हीआरएस द्यायची, अशी अट सरकारनं विक्रीतच घातली होती. तिथं विकणारं सरकार होतं. दोन खासगी कंपन्यांमध्ये अशी अट घालायला कोणी बसलेलं नसतं. शिवाय आलीच योजना तर ती बहुतेक वेळा अमुक वयाच्या वर, अमुक वर्षं सेवा झालेल्यांसाठी असते. ४३ व्या वर्षी तुम्ही तिच्यात बसाल की नाही, कोणी सांगावं?

त्याच व्यवहारातली आणखी एक गोष्ट कार्गोवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. एअर इंडिया विकली तेव्हा सगळंच्या सगळं टाटांकडे गेलं नाही. ग्राउंड हँडलिंग करणारी एआयएएसएल ही उपकंपनी सरकारकडेच राहिली, तर एआय-सॅट्स या दुसऱ्या हँडलिंग कंपनीतला निम्मा वाटा टाटांकडे गेला. एकाच विमानतळावर, एकाच विमानाशेजारी उभ्या असलेल्या माणसांचे मालक वेगवेगळे झाले. म्हणून तुमचं नियुक्तिपत्र आणि पगारपत्रक काढा आणि त्यावर कंपनीचं नेमकं कोणतं नाव आहे ते वाचा. मूळ विमान कंपनी, तिची उपकंपनी, की ‘कार्गो सर्व्हिसेस’ असं शेपूट असलेलं तिसरंच काही? बऱ्याच जणांनी रुजू झाल्या दिवसापासून हे वाचलेलं नसतं. पीएफच्या पासबुकात मधेच आस्थापना बदललेली दिसली तर का बदलली ते विचारा.

आता कायद्याचं. आस्थापना एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली तर कामगाराच्या सेवेत खंड पडता कामा नये, सेवाशर्ती आधीपेक्षा वाईट असता कामा नयेत, आणि पुढे कधी कपात झाली तर जुनी वर्षं धरूनच भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकावर असावी. या तीन गोष्टी पाळल्या नाहीत तर हस्तांतराच्या वेळीच भरपाई द्यावी लागते. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५ एफएफ मध्ये हे होतं. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनं घेतली आहे आणि हस्तांतराच्या भरपाईची तरतूद तिच्यातही आहे. पण हे संरक्षण ‘कामगारा’ला आहे. व्यवस्थापकीय काम करणारे, तसंच पर्यवेक्षक म्हणून महिना १८ हजारांपेक्षा जास्त घेणारे, त्या व्याख्येत येत नाहीत. तुमच्या पदनामात ‘मॅनेजर’ आहे. कोर्ट पदनामापेक्षा प्रत्यक्ष कामाकडे बघतं हे खरं, पण त्या भरवशावर घर चालवू नका. तुमचा आधार दोन कागदांत आहे. एक तुमचं नियुक्तिपत्र: नोटीस किती, बदलीचं कलम काय, दुसऱ्या कंपनीकडे वर्ग करण्याबद्दल काही लिहिलंय का. दुसरा, विलीनीकरणाची योजना. ती न्यायाधिकरणापुढे जाते तेव्हा तिच्यात ‘कर्मचारी’ असं एक कलम असतं. सेवा अखंड धरली जाईल आणि शर्ती कमी होणार नाहीत, अशी भाषा त्यात साधारणपणे असते. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर ही योजना जाहीर होते, कोणालाही वाचता येते. ती आली की पहिल्यांदा तेच पान उघडा. कार्गो विभाग योजनेत न येता वेगळ्या करारानं विकला, तर मात्र तुम्हाला नव्या कंपनीचं नियुक्तिपत्र सही करायला देतील. त्यात ‘पूर्वीची सेवा धरून’ हे शब्द नसतील तर सही करू नका, आधी लेखी मागा. अशा वेळी कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाला दिलेली फी वाया जात नाही.

ज्येष्ठतेचाही प्रश्न येईल. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. दोन्हीकडच्या पगारश्रेणी आणि ज्येष्ठता जुळवण्यासाठी २०११ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली, इतकं ते भिजत पडलं होतं. त्यामुळे प्रमोशनची पत्रं, वार्षिक मूल्यांकनं, डीजीआर (धोकादायक माल हाताळण्याचे नियम) आणि सुरक्षेच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, सगळं स्वतःच्या फाइलमध्ये आणून ठेवा. कंपनीच्या पोर्टलवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. विलीनीकरणात पहिलं बंद होतं ते पोर्टल. डीजीआरची मुदत दोन वर्षांची. संपत आली असेल तर कंपनीच्या खर्चानं आत्ताच नवी करून घ्या. मात्र गिऱ्हाइकांच्या याद्या, रेटशीट, करार घरी आणू नका. नोकरी सोडल्यावर त्याच धंद्यात जायला भारतीय करार कायद्याचं कलम २७ तुमच्या बाजूनं आहे. कंपनीची गोपनीय माहिती बाहेर नेली तर त्याला ते कलम कामाला येत नाही.

ग्रॅच्युइटीची धास्ती मात्र सोडून द्या. पाच वर्षं सलग सेवा झाली की राजीनामा दिला तरी ती मिळते. तुमची १६ झालीत. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जो आकडा होतो त्याला २६ नं भागा, १५ नं गुणा, मग १६ नं गुणा. निदान तेवढे पैसे तुमचे आहेत, कोणी कुठे विलीन झालं तरी.

साडूंकडे येऊ. नात्यात आहेत म्हणून तुम्ही त्यांना प्रश्न विचारायला कचरताय, हे पत्रातून दिसतंच. फॉरवर्डरचा धंदा कुठे बसतो हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, फक्त आजवर तुम्ही तो काउंटरच्या पलीकडून पाहिलात. विमान कंपनीचं बिल कासमधून, म्हणजे विमान कंपन्या आणि फॉरवर्डर यांच्या सामाईक हिशेब-व्यवस्थेतून, ठरलेल्या तारखेला वळतं होतं. उशीर झाला की बँक गॅरंटीवर येतं. आणि निर्यातदार? त्याला परदेशातून पैसे आले की तो देणार, दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी, माल तिकडे नापास झाला तर त्याहून उशिरा. मधली सगळी पोकळी फॉरवर्डरनं स्वतःच्या पैशानं भरायची. तुमचे बारा लाख एका बऱ्या हंगामात त्या पोकळीत जातील आणि कागदावर फर्म नफ्यात दिसेल. म्हणून गेल्या तीन वर्षांचा ताळेबंद, जीएसटीची विवरणपत्रं आणि येणं बाकीची यादी मागा, तीही जुनाट बाकी वेगळी दाखवून. कस्टम्स ब्रोकरचा परवाना कोणाच्या नावावर आहे, एफ कार्ड (ब्रोकरची परीक्षा पास झाल्याचं कस्टम्सचं ओळखपत्र) कोणाकडे, की सगळं दुसऱ्याच्या परवान्यावर चाललंय? भागीदारी साधी की एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची? साध्या भागीदारीत फर्मचं कर्ज तुमच्या पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटपर्यंत येऊ शकतं. आणि थोडं कडू बोलते: साडूंना बारा लाखही हवे असतील, पण त्याहून जास्त तुमच्या कंपनीत असलेली तुमची ओळख हवी आहे. ती कंपनीच उद्या दुसऱ्या नावाची होणार असेल तर त्या ओळखीची किंमत काय राहील, याचा विचार दोघांनीही केलेला दिसत नाही.

कधीच जाऊ नका असं मी म्हणत नाही. नोकरी गेलीच, तर पहिलं वर्ष पगारावर जा, भागीदार म्हणून नको. त्या वर्षात जी कार्डची, म्हणजे कस्टम्स ब्रोकरकडच्या कर्मचाऱ्यांसाठीची, परीक्षा देऊन ठेवा, ती पुढे दुसऱ्या फर्ममध्येही चालते. आणि पीएफला हात लावू नका. कंपनी बदलली तरी यूएएन तोच राहतो, नवी आस्थापना त्यालाच जोडून घ्यायची. दहा वर्षांवर सेवा झाल्यामुळे ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्कही तुमचा पक्का झालेला आहे.

राहता राहिलं घर. पत्नीला काळजी नको म्हणून सांगितलं नाही, असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, तुम्हाला तिच्या प्रश्नांची काळजी आहे. ती पहिला प्रश्न विचारेल, ‘बदली दिल्लीला दिली तर?’ आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही. पण तो प्रश्न तुम्हाला एकट्याला सोडवता येणारच नाही. तिची नोकरी जिल्हा परिषदेची, इथली, महिन्याला येणारा पगार आहे. या सगळ्या गोंधळात तुमच्या घराची सगळ्यात भक्कम बाजू तीच आहे, आणि तिलाच तुम्ही हिशेबाच्या बाहेर ठेवलंय. दोघांचे पगार, गृहकर्जाचा हप्ता, मुलीच्या क्लासची फी, आईची औषधं एका कागदावर मांडा. फक्त तिच्या पगारावर किती महिने निघतात हे एकदा दिसलं की रात्रीची झोप थोडी परत येईल. हप्त्याचे सहा महिने पुरतील एवढे पैसे वेगळ्या खात्यात जमेपर्यंत गाडी, सहल, फर्निचर काही नको. मुलीला तपशील नका सांगू, पण घरात काहीतरी चाललंय हे अकरावीतल्या मुलीला कळत नसेल या भ्रमातही राहू नका.

हे वाचणाऱ्यांमध्ये शेडचे लोडर, ट्रकवाले, कंत्राटावरचे डेटा एंट्रीवाले असतील, त्यांच्यासाठी दोन ओळी. विलीनीकरणात तुमचं नाव कुठल्याच योजनेत नसतं, कारण कागदावर तुम्ही कंत्राटदाराचे. कंत्राटदार दर महिन्याला पीएफ भरतो का, हे यूएएनच्या पासबुकात आजच बघा. तो बदलला की जुन्याकडून थकलेला पगार वसूल करणं फार जड जातं. पगार वेळेत दिला गेला नाही तर तो देण्याची जबाबदारी कायद्यानं मुख्य कंपनीवरही येते. ओळखपत्र आणि हजेरीचे फोटो फोनमध्ये ठेवा.

साडूंना या आठवड्यात फोन करा आणि सरळ सांगा की द्राक्षाचा हंगाम संपेपर्यंत मी काही ठरवत नाही, तोवर ताळेबंद पाठवा. राग आला तर येऊ दे. कागद पाठवले तर मलाही कळवा काय दिसलं ते, आकडे न लिहिता. ‘नात्यात कसले कागद’ असं उत्तर आलं, तर मला विचारायला पुन्हा पत्र लिहायची गरज नाही.